नात्याची नोंद : समलिंगी विवाहाचा प्रश्न न्यायालयातून संसदेपर्यंत

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ‘सुप्रियो विरुद्ध भारत सरकार’ या प्रकरणाचा निकाल दिला. समलिंगी जोडप्यांना विवाहाचा कायदेशीर हक्क आहे का, हा त्यातला मूळ प्रश्न होता. पाचही न्यायमूर्तींनी सांगितले की राज्यघटनेत विवाहाचा मूलभूत हक्क नाही आणि तो देण्यासाठी न्यायालय कायदा नव्याने लिहू शकत नाही. ते काम संसदेचे. ९ जानेवारी २०२५ रोजी पुनर्विचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. न्यायालयाचा दरवाजा त्या दिवशी जवळजवळ बंद झाला आणि संसदेचा अजून उघडलेला नाही. भारतातली समलिंगी जोडपी आज या दोन दरवाजांच्या मध्ये उभी आहेत. त्यांचे एकत्र राहणे गुन्हा नाही, पण ते एकमेकांचे कोण, याला कायद्याकडे उत्तर नाही.

कायदा कोणाला कोणाचे मानतो

विवाहावरची चर्चा सहसा धर्म, संस्कृती आणि प्रेम यांच्याभोवती फिरते. लग्नसोहळ्याला मात्र कोणाची आडकाठी नाही. दोन पुरुषांनी किंवा दोन स्त्रियांनी मंडप घालून, हार घालून, आप्तेष्टांना जेवण देऊन लग्न केले तर त्यांना कोणी अटक करू शकत नाही. महाराष्ट्रातही असे सोहळे झाले आहेत. प्रश्न सुरू होतो तो दुसऱ्या दिवशी, बँकेत, रुग्णालयात, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात आणि सर्वांत कठोरपणे मृत्यूनंतर.

हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ घ्या. अविवाहित पुरुष मृत्युपत्र न करता वारला तर संपत्ती आधी आईकडे जाते. ती नसेल तर वडील, भावंडे, त्यांची मुले अशी यादी पुढे सरकते. या यादीत वीस वर्षे एका घरात राहिलेल्या जोडीदाराला स्थान नाही. यादीतले आणि त्यापलीकडचेही कोणी नातेवाईक सापडले नाहीत तर संपत्ती सरकारजमा होते, तरीही जोडीदाराकडे जात नाही. मृत्युपत्र करून ही अडचण दूर करता येते, असे सांगितले जाते आणि ते खरेही आहे. पण मृत्युपत्राला आव्हान देता येते, आणि ज्या कुटुंबाने नाते कधी मान्य केलेले नसते ते आव्हान देण्याचीच शक्यता अधिक. नामनिर्देशनाचा आधारही तोकडा आहे. नामनिर्देशित व्यक्ती मालक होत नाही, ती वारसांच्या वतीने मालमत्ता सांभाळते, हे सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ च्या निकालात शेअर्सच्या संदर्भात पुन्हा स्पष्ट केले.

नोकरीतली देणी याहून आडमुठी आहेत. कर्मचारी भविष्य निर्वाह निधीच्या योजनेत सदस्याला ‘कुटुंब’ असेल तर नामनिर्देशन त्या कुटुंबातल्याच व्यक्तीच्या नावे करावे लागते. पुरुष सदस्याच्या कुटुंबात पत्नी, मुले, अवलंबून असलेले आईवडील येतात. म्हणजे ज्याची आई त्याच्यावर अवलंबून आहे, असा समलिंगी पुरुष आपल्या जोडीदाराचे नाव त्या अर्जात लिहूच शकत नाही. ग्रॅच्युइटीच्या नामनिर्देशनाचा नियमही याच धर्तीचा आहे.

महाराष्ट्रातले उदाहरण मुद्रांक शुल्काचे. राहते घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा दिवंगत मुलाची पत्नी यांना बक्षीसपत्राने दिली तर त्यावरचे मुद्रांक शुल्क २०१५ च्या दुरुस्तीने अवघे २०० रुपये करण्यात आले. तेच घर समलिंगी जोडीदाराच्या नावे करायचे तर खरेदीखतासारखे बाजारमूल्यावर टक्केवारीने शुल्क भरावे लागते. मुंबईतल्या घरांच्या किमती पाहता ही रक्कम लाखांत जाते. प्राप्तिकराचेही तसेच आहे. पती-पत्नींनी एकमेकांना दिलेली भेट कितीही मोठी असली तरी ती घेणाऱ्याचे उत्पन्न धरली जात नाही. परक्या माणसाकडून वर्षभरात ५० हजार रुपयांपेक्षा अधिक मिळाले तर त्यावर कर लागतो, आणि कायद्याच्या लेखी समलिंगी जोडीदार परकाच आहे. या तरतुदीला एका जोडप्याने २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले आहे. न्यायालयाने त्यात ॲटर्नी जनरलना नोटीस काढली.

आजारपणात ही उणीव सर्वांत उघडी पडते. मूत्रपिंड द्यायचे असेल तर अवयव प्रत्यारोपण कायदा, १९९४ नुसार पती-पत्नी ‘जवळचे नातेवाईक’ आहेत. जोडीदाराला मात्र प्राधिकार समितीपुढे उभे राहून, आपण पैशासाठी अवयव देत नाही, हे पटवून द्यावे लागते. अतिदक्षता विभागाच्या दाराशी ‘पेशंटचे तुम्ही कोण?’ असे विचारले जाते, तेव्हा उत्तर ऐकून संमतीचा कागद पुढे करायचा की नाही, हे समोरच्या माणसाच्या भलेपणावर ठरते. हक्क असणारा माणूस भलेपणावर अवलंबून नसतो. फरक आहे तो इथे.

गुन्ह्यातून सुटका

विवाहाच्या मागणीच्या आधी एक मोठा अडसर दूर व्हावा लागला. १८६० च्या भारतीय दंडविधानातले कलम ३७७ समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवत होते. कायदा इंग्रजांनी आणला आणि त्याबरोबर आलेली लाज समाजाने आपलीशी केली. मराठीत या विषयावर मोकळेपणाने बोलण्याची किंमत मोजणाऱ्यांत र. धों. कर्वे अग्रणी. आपल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना, त्यात समलिंगी संबंधांविषयीच्याही प्रश्नांना, दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये त्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. खटला ते हरले, कर्व्यांना दंड झाला.

पुढची वाट अनेक दशकांची. मध्य प्रदेशच्या सशस्त्र पोलीस दलातल्या दोन महिला शिपायांनी १९८७ मध्ये आपसांत लग्न केले आणि त्यांची नोकरी गेली. मुंबईत १९९० मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक निघाले, १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट उभा राहिला. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्टमार्फत मराठीतून हे काम केले. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले. त्या खंडपीठाचे प्रमुख, मुख्य न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा, सोलापूरचे. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी तो निकाल उलटवला. त्यानंतर २०१४ मध्ये तृतीयपंथीयांच्या हक्कांचा आणि २०१७ मध्ये खासगीपणाच्या हक्काचा निकाल आला, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी ‘नवतेज सिंग जोहर’ प्रकरणात पाच न्यायमूर्तींनी एकमताने संमतीच्या संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. बहुसंख्यांची नैतिकता आणि घटनात्मक नैतिकता यांत दुसरीच न्यायालयाला बांधील ठेवते, हा त्या निकालाचा गाभा. घटनात्मक नैतिकतेचा हा विचार ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनीच मांडला होता.

विशेष विवाह कायदा

गुन्हा गेला; नाते मान्य व्हायचे राहिले. २०२० पासून दिल्ली आणि केरळ उच्च न्यायालयांत याचिका दाखल होऊ लागल्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये हैदराबादचे सुप्रियो चक्रवर्ती आणि अभय डांग यांनी थेट सर्वोच्च न्यायालय गाठले. जानेवारी २०२३ मध्ये सर्व याचिका एकत्र झाल्या आणि १३ मार्चला त्या घटनापीठाकडे गेल्या. हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती व्यक्तिगत कायद्यांत शिरायचे नाही, विशेष विवाह कायदा, १९५४ एवढ्यापुरतेच पाहायचे, अशी चौकट पीठाने सुरुवातीलाच आखली.

या कायद्याचा इतिहास समजून घेतल्याशिवाय वाद नीट कळत नाही. ब्राह्मो समाजाच्या मागणीतून १८७२ मध्ये पहिला नागरी विवाह कायदा झाला. त्यात अट अशी की, वधूवरांनी आपण हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी, शीख, जैन, बौद्ध वा ज्यू यांपैकी कोणीच नाही, असे जाहीर करायचे. धर्म सोडल्याशिवाय लग्न नाही. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेल यांनी आंतरजातीय हिंदू विवाहांना मान्यता देणारे विधेयक मांडले, तेव्हा सनातनी मंडळींनी देशभर विरोध केला. दुसऱ्याच वर्षी, १९१९ मध्ये, राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहाला मान्यता देणारा कायदा करून टाकला. ब्रिटिश हिंदुस्थानात हरिसिंग गौर यांच्या प्रयत्नाने १९२३ मध्ये दुरुस्ती झाली आणि हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांना धर्म न सोडता आपसांत नागरी विवाह करता येऊ लागला. सर्व धर्मांच्या माणसांसाठी तो मोकळा झाला १९५४ मध्ये.

महाराष्ट्राला हा इतिहास परका नाही. ब्राह्मण पुरोहिताशिवाय लागलेले लग्न खरे लग्न का, हा प्रश्न सत्यशोधक समाजाने १८७३ पासून लावलेल्या प्रत्येक लग्नाने विचारला. मद्रास प्रांतातल्या, पुरोहिताविना लागणाऱ्या स्वाभिमान विवाहांना कायद्याची मान्यता मिळायला १९६७-६८ साल उजाडावे लागले. ‘विवाह म्हणजे काय ते पूर्वापार ठरलेले आहे’ हे वाक्य या देशात जेव्हा जेव्हा उच्चारले गेले, तेव्हा तेव्हा ते कोणत्या तरी जोडप्याच्या विरोधात उच्चारले गेले, आणि पुढे कायद्याने ते मागे घेतले.

१९५४ च्या कायद्याचे कलम ४ ‘कोणत्याही दोन व्यक्तीं’मधील विवाहाबद्दल बोलते. याचिकाकर्त्यांचा भर याच शब्दांवर होता. पण तेच कलम पुढे पुरुषाचे वय २१ आणि स्त्रीचे १८ असावे असे सांगते. पुढची कलमे पती-पत्नी गृहीत धरूनच लिहिलेली आहेत. घटस्फोटाची काही कारणे फक्त पत्नीला दिलेली आहेत. वारसाहक्कासाठी हा कायदा इतर कायद्यांकडे बोट दाखवतो. मुकुल रोहतगी, अभिषेक मनु सिंघवी, मेनका गुरुस्वामी, सौरभ किरपाल, वृंदा ग्रोवर आदी वकिलांचे म्हणणे होते की ‘पती’ आणि ‘पत्नी’च्या जागी ‘जोडीदार’ वाचा, कायदा चालू शकतो. याच कायद्यातल्या तीस दिवसांच्या नोटिशीलाही आव्हान होते. विवाह करू इच्छिणाऱ्यांची नावे कार्यालयाच्या फलकावर लागतात आणि कोणीही हरकत घेऊ शकतो. घरातून पळून आलेल्या दोन मुलींच्या बाबतीत याचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगायला नको. आंतरधर्मीय जोडपी तर ही जाचणूक आजही सोसत आहेत.

दहा दिवसांचा युक्तिवाद

१८ एप्रिल ते ११ मे २०२३ या काळात दहा दिवस सुनावणी झाली आणि ती देशभर थेट पाहिली गेली. केंद्र सरकारची बाजू सॉलिसिटर जनरल तुषार मेहता यांनी मांडली. मागणी शहरी उच्चभ्रू वर्गाची आहे, असे सरकारने सुरुवातीला म्हटले. हा आक्षेप टिकण्यासारखा नव्हता. मध्य प्रदेशातल्या त्या दोन महिला शिपाई उच्चभ्रू नव्हत्या, आणि वृंदा ग्रोवर यांनी मांडलेल्या याचिकेचा रोख जन्मदात्या घरातल्या हिंसेकडे होता: मुलींना कोंडून ठेवणे, बळजबरीने लग्न लावून देणे, पोलिसांकरवी परत आणणे. निकालात सरन्यायाधीशांनी समलिंगी असणे ही शहरी किंवा श्रीमंतांची गोष्ट नाही, हे सविस्तर लिहिले.

सरकारचा दुसरा मुद्दा मात्र वजनदार होता. एका कायद्यातला ‘पती-पत्नी’ हा शब्द बदलला की सुमारे १६० तरतुदींवर परिणाम होतो, असे मेहता यांनी दाखवले. पोटगी कोणी कोणाला द्यायची, हुंड्याच्या छळाविरुद्धची कलमे कोणाला लागू होणार, विधवा कोण, मुलाचा नैसर्गिक पालक कोण. कायद्याची वीण घट्ट असते. एक धागा ओढला की कापड आक्रसते. हे खरे मानले तरी त्यातून निघणारा निष्कर्ष एवढाच की बदल नीट, समग्र कायदा करून झाला पाहिजे. बदलच करू नये, असे त्यातून सिद्ध होत नाही.

राज्यांनाही मत विचारले गेले. सात राज्यांनी उत्तरे पाठवली. राजस्थान, आंध्र प्रदेश आणि आसाम यांनी विरोध केला. महाराष्ट्र, उत्तर प्रदेश, मणिपूर आणि सिक्कीम यांनी अधिक वेळ आणि विचारविनिमय हवा असे कळवले. फुले, शाहू, आंबेडकरांचे नाव रोज घेणाऱ्या राज्याने एवढेच उत्तर द्यावे, हे खेदाचे आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाने विरोधाचा ठराव केला, जमियत उलेमा-ए-हिंद विरोधात उभी राहिली. इंडियन सायकिॲट्रिक सोसायटीने मात्र विवाह आणि दत्तक या दोन्ही हक्कांच्या बाजूने निवेदन दिले. बालहक्क आयोगांमध्येच दोन मते पडली: राष्ट्रीय आयोग विरोधात, दिल्लीचा आयोग बाजूने.

तीन विरुद्ध दोन

घटनापीठावर सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, न्यायमूर्ती संजय किशन कौल, एस. रवींद्र भट, हिमा कोहली आणि पी. एस. नरसिंह होते. चार निकालपत्रे लिहिली गेली आणि मतभेद जिथे झाला ती रेषा नीट पाहायला हवी.

विशेष विवाह कायदा रद्द करावा किंवा त्यात शब्द घालावेत, याला पाचही जणांनी नकार दिला. चंद्रचूड यांचे कारण व्यवहारी होते: कायदाच रद्द केला तर आंतरधर्मीय जोडपी स्वातंत्र्यपूर्व काळात ढकलली जातील, आणि शब्द घालत बसलो तर न्यायालय कायदेमंडळ होईल. कौल यांनी आणखी पुढे जाऊन या कायद्यातली भेदाभेद करणारी रचना समानतेच्या हक्काच्या विरोधात आहे, असे नोंदवले. पण उपाय करण्यात अडचणी आहेत हे मान्य केले. पुरुष आणि स्त्री असे नाते असलेल्या तृतीयपंथी व्यक्तींना सध्याच्या कायद्यांखाली विवाह करता येतो, यावरही पाचांचे एकमत झाले. मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ‘वधू’ या शब्दात पारलिंगी स्त्रीही येते असा निर्णय दिलाच होता.

मतभेद झाला तो विवाहाहून खालच्या पायरीवर. चंद्रचूड आणि कौल यांच्या मते आपला जोडीदार निवडून त्याच्याबरोबर सहजीवन उभारण्याचा हक्क घटनेत आहे आणि त्या सहजीवनाला मान्यता देणे, त्यातून येणारे लाभ देणे राज्यसंस्थेवर बंधनकारक आहे. अविवाहित जोडप्यांना एकत्र दत्तक घेण्यास मनाई करणारा २०२२ च्या दत्तक नियमावलीतला ५(३) हा नियमही त्यांनी घटनाबाह्य ठरवला. भट, कोहली आणि नरसिंह हे तिघे याला तयार नव्हते. भट यांचे म्हणणे असे की नाते जोडण्याचा हक्क आहे, कोणी त्यात ढवळाढवळ करू नये हाही हक्क आहे. पण राज्याने त्या नात्याला नवी कायदेशीर संस्था उभारून द्यावी, असा हक्क त्यातून निघत नाही. कायदा सरसकट लिंगनिरपेक्ष वाचला तर स्त्रियांसाठी केलेली संरक्षणे पातळ होतील, ही त्यांची शंका गंभीरपणे घेण्याजोगी आहे.

तरीही बहुमताच्या निकालात एक मोठी तफावत राहते. भविष्य निर्वाह निधी, विमा, निवृत्तिवेतन यांसारख्या लाभांतून वगळल्यामुळे समलिंगी जोडप्यांवर अप्रत्यक्ष भेदभाव होतो, हे भट यांनी स्वतः लिहिले. भेदभाव होतो हे मान्य केल्यावर न्यायालयाने काय केले? कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याचे सरकारचे आश्वासन नोंदवून घेतले. मुदत घातली नाही. संसदेने अमुक काळात विचार करावा, असेही म्हटले नाही. हा निकाल वाचताना सर्वांत जास्त खटकते ते हेच.

मुदतीचे महत्त्व इतर देशांत दिसले आहे. दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने १ डिसेंबर २००५ रोजी संसदेला एक वर्ष दिले आणि ३० नोव्हेंबर २००६ रोजी कायदा अमलात आला. तैवानच्या न्यायालयाने २४ मे २०१७ रोजी दोन वर्षे दिली. मधल्या काळात, नोव्हेंबर २०१८ मध्ये, सार्वमताचा कौल विरोधात गेला. तरीही १७ मे २०१९ रोजी संसदेला वेगळा कायदा करावा लागला, कारण मुदत डोक्यावर होती. या दोन्ही न्यायालयांनी कायद्याचे शब्द ठरवणे संसदेवर सोडले. चंद्रचूड आणि कौल यांच्या निकालपत्रांतही अशी मुदत नाही. मुदत घालण्याचा मार्ग दिल्लीत पाचांपैकी कोणी घेतला नाही.

विवाहच का?

विरोध फक्त सनातन्यांकडून आला असे नाही. स्त्रीवादी आणि समलिंगी चळवळीतल्याही अनेकांना विवाहाची मागणी खुपते. विवाहसंस्थेने जात टिकवली, स्त्रीच्या श्रमाला आणि शरीराला बांधून ठेवले. मग त्याच संस्थेचे सभासदत्व मागायचे कशाला? मुंबईतल्या लेबियासारख्या गटांनी वर्षानुवर्षे हे विचारले आहे की, कायद्याने फक्त जोडपेच का ओळखावे? दोन मैत्रिणी, हिजड्यांच्या घराण्यातले गुरू-चेले, घरातून हाकललेल्यांनी मिळून थाटलेला संसार, यांनाही एकमेकांची काळजी घेण्याचा अधिकार हवा. मद्रास उच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये विवाह हाच कुटुंब उभारण्याचा एकमेव मार्ग नाही, निवडलेले कुटुंब ही मान्य कल्पना आहे, असे म्हटले तेव्हा या विचाराला बळ मिळाले. त्याच न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये कौटुंबिक सहवासाच्या नोंदणीकृत कराराची कल्पना तमिळनाडू सरकारपुढे ठेवली होती.

या टीकेत तथ्य आहे, आणि तरीही विवाहाचा हक्क मागणे चुकीचे ठरत नाही. एखादी संस्था नाकारण्याचा अधिकार ज्याला तिच्यात प्रवेश आहे त्यालाच खऱ्या अर्थाने असतो. शिवाय विवाहाबरोबर जी देणी, जबाबदाऱ्या आणि संरक्षणे आपोआप येतात, ती एकेका कराराने गोळा करायची तर वकील परवडणाऱ्यांनाच ते जमेल. निबंधकाच्या कार्यालयातली सही स्वस्त असते. गरिबाला ती हवी असते.

शेजारी आणि दूरचे

नेदरलँड्सने १ एप्रिल २००१ पासून समलिंगी विवाह मान्य केला. आज पस्तीसहून अधिक देशांत तो मान्य आहे. आयर्लंडने २२ मे २०१५ च्या सार्वमतात ६२ टक्के मतांनी घटनादुरुस्ती केली. त्या प्रचाराच्या काळात आपण समलिंगी असल्याचे जाहीर करणारे आरोग्यमंत्री लिओ वराडकर यांच्या वडिलांचे मूळ गाव मालवण तालुक्यातले वराड. दोन वर्षांनी ते आयर्लंडचे पंतप्रधान झाले आणि डिसेंबर २०१९ मध्ये कुटुंबासह गावी येऊन गेले. गावाने त्यांचे स्वागत केले.

आशियात तैवाननंतर थायलंडचा कायदा २३ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये अंतरिम आदेश दिला आणि २९ नोव्हेंबर २०२३ रोजी लमजुंग जिल्ह्यात पहिली नोंद झाली. समलिंगी विवाह ही पाश्चात्त्यांची कल्पना आहे, असे म्हणणाऱ्यांनी काठमांडूकडे पाहावे.

गोव्याची स्थिती विशेष आहे. तिथे अजूनही १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता आणि १९१० चे विवाहविषयक फर्मान चालते. धर्म कोणताही असो, विवाहाची नोंद नागरी कार्यालयातच होते. समान नागरी कायद्याचे उदाहरण म्हणून गोव्याचे नाव नेहमी घेतले जाते. पण ती संहिता विवाहाची व्याख्याच ‘भिन्न लिंगाच्या दोन व्यक्तींमधील करार’ अशी करते. पोर्तुगालने स्वतः २०१० मध्ये ही अट काढून टाकली. गोव्यात ती तशीच आहे.

अमेरिका, कॅनडा, ब्रिटन इथे राहणाऱ्या मराठी समलिंगी जोडप्यांचे तिथले कायदेशीर विवाह भारतात उतरताच निरर्थक होतात. विदेशी विवाह कायदा, १९६९ खाली त्यांची नोंद होत नाही, आणि परदेशी जोडीदाराला विवाहाच्या आधारे मिळणारे ओसीआय कार्ड नाकारले जाते. म्हाताऱ्या आईवडिलांसाठी परत यायचे तर जोडीदाराला व्हिसावर आणायचे, हा त्यांच्यापुढचा पर्याय.

निकालानंतर

कॅबिनेट सचिवांची समिती एप्रिल २०२४ मध्ये नेमली गेली. तिच्या कामातून काही पत्रके निघाली: शिधापत्रिकेसाठी जोडीदारांना एका घरातले मानावे; संयुक्त बँक खाते उघडण्यास आणि जोडीदाराचे नामनिर्देशन करण्यास मनाई नाही, असे अर्थ मंत्रालयाने २८ ऑगस्ट २०२४ रोजी स्पष्ट केले; जवळचे नातेवाईक नसतील तर मृतदेह जोडीदाराला मिळावा, असे आरोग्य मंत्रालयाने राज्यांना कळवले. या शेवटच्या वाक्यातली अट पाहावी. नातेवाईक आले की जोडीदार मागे. पत्रकाने हक्क तयार होत नाही. तो असलाच तर त्याची आठवण करून देता येते.

पुनर्विचार याचिका बंद दालनात ऐकल्या गेल्या, खुल्या सुनावणीची विनंती नाकारली गेली. मूळ पाच न्यायमूर्तींपैकी तोवर एकटे नरसिंह सेवेत उरले होते.

संसदेत प्रयत्न झालाच नाही असे नाही. १ एप्रिल २०२२ रोजी, म्हणजे सर्वोच्च न्यायालयातल्या याचिकांच्या आधीच, बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती करणारे खासगी विधेयक मांडले. दोन पुरुषांसाठी २१ आणि दोन स्त्रियांसाठी १८ अशी वयाची सोय त्यात होती, ‘पती-पत्नी’ऐवजी ‘जोडीदार’ होते. सरकारने मनावर घेतले नाही आणि सतरावी लोकसभा संपताच विधेयकही संपले.

विवाह आणि घटस्फोट हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत पाचव्या क्रमांकावर आहे. दिल्ली हलत नसेल तर राज्य विधिमंडळ स्वतः कायदा करू शकते; केंद्राच्या कायद्याशी विसंगती आली तर राष्ट्रपतींची संमती लागेल एवढेच. बक्षीसपत्रावरचे मुद्रांक शुल्क आणि राज्य कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाचे नियम यांसाठी तर त्याचीही गरज नाही, ते अधिकार पूर्णपणे राज्याचे आहेत. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने सर्वोच्च न्यायालयाकडे वेळ मागितला होता. तो वेळ आता भरपूर झाला आहे. मुद्रांक शुल्काच्या सवलतीत आणि १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांतल्या ‘कुटुंबा’च्या व्याख्येत नोंदणीकृत जोडीदाराचा समावेश करणारी दुरुस्ती विधिमंडळाच्या आणि शासनाच्या हातात आहे. ती मुंबईत आणि नागपुरात मागितली पाहिजे, आणि ज्यांना मत आहे अशा प्रत्येकाने आपल्या आमदाराकडे मागितली पाहिजे.